शैलाताईंनी वॉर्साहून आणलेलं मतदान

ईराचा फोन आला तेव्हा मी दुबईत, अल क्वोजमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका सुपरवायझरला फैलावर घेत होते. ईरा म्हणजे शैलाताईंची मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, त्यामुळे मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. "मावशी... आई इज गॉन," ती म्हणाली. आणि मी, काय सांगू, मी चक्क विचारलं, "कुठे गेल्या?" कारण शैलाताई घरात सापडल्या तर आश्चर्य. पलीकडून नुसता हुंदका आला आणि मग मला कळलं. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या होत्या. त्यांच्या यजमानांनी, अविनाशभाऊंनी, चहा करून हाक मारली, तर उठल्याच नाहीत. ना आजारपण, ना हॉस्पिटल, ना कुणाला निरोप. मी तशीच गाडी काढली आणि शारजापर्यंतच्या त्या ट्रॅफिकमध्ये सगळ्या जगाला शिव्या घालत, रडत, हॉर्न वाजवत घरी पोचले.

त्याला आता दोन महिने होत आले. पुरवणीसाठी लिहा म्हणून संपादक मागे लागल्यावर मी आधी नाहीच म्हटलं. मला रडका लेख लिहायचा नव्हता. फोटोला हार, उदबत्तीचा धूर आणि 'पोकळी निर्माण झाली' वगैरे... छे! त्या वाचून म्हणाल्या असत्या, "वासंती, हे कोणावर लिहिलंयस गं? बिचारी चांगली बाई दिसते." शैलाताई बिचाऱ्या नव्हत्या. ज्यासाठी आयुष्यभर झुरल्या ते त्यांनी डोळ्यांदेखत करून घेतलं आणि मगच गेल्या. असं किती जणांच्या वाट्याला येतं?

आमची ओळख शारजातल्या अल मजाजच्या टॉवरमधली. एकाच मजल्यावर समोरासमोर दारं. मी नवऱ्याच्या मागे ठाण्याहून नुकती आले होते, खिडकीतून खाली ते खालिद लगूनचं पाणी बघायचं आणि आता इथे करायचं काय म्हणून डोकं धरून बसायचं, एवढाच उद्योग. एक दिवस समोरची बाई दार वाजवून आत आली, माझ्या स्वयंपाकघरात गेली, कढीपत्ता कुठे मिळतो ते सांगितलं आणि म्हणाली, "चला, फिरायला." पाण्याच्या कडेने आमची पहिली फेरी झाली तेव्हाच मी विचारलं, तुमचं शिक्षण काय? त्या म्हणाल्या, "पोलिश भाषा आणि साहित्यात एम. ए. वॉर्साहून." मी म्हटलं, "अगंबाई! आणि त्याचा उपयोग काय?"

हा प्रश्न त्यांना जन्मभर सगळ्यांनी विचारला. आईने विचारला, सासरच्यांनी विचारला, व्हिसा ऑफिसमधल्या माणसानेसुद्धा सर्टिफिकेट उलटसुलट करून विचारला. त्या हसून सोडून द्यायच्या. पण पुढे कधीतरी, अशाच एका फेरीला, त्या मध्येच थांबल्या आणि कठड्याला धरून म्हणाल्या, "तू विचारतेस ना उपयोग काय? नोकरीचं सोड. त्या लोकांनी काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय गं. मरायच्या आत एकदा तरी मला वाटायला हवं, की माझं ते बघणं फुकट गेलं नाही." एरवी चेष्टेखेरीज न बोलणारी बाई. त्या दिवशी चेष्टेचा मागमूस नव्हता. मी पुढे तो प्रश्न कधी विचारला नाही.

पुण्यात त्या हौसेने रशियन शिकत होत्या. शिष्यवृत्तीला अर्ज केला तर मिळाली पोलंडची. वडील म्हणाले, "रशिया नाही तर नाही, शेजारचं बिऱ्हाड तर मिळालं," आणि बावीस वर्षांच्या पोरीला लोकरीच्या दोन स्वेटरांवर विमानात बसवून दिलं. पहिलं वर्ष वूच नावाच्या गिरण्यांच्या गावात नुसती भाषा शिकण्यात गेलं. "सात विभक्त्या," त्या सांगायच्या, "आणि मी घरी पत्रात लिहिलं, संस्कृतच्या बाईंना सांगा, त्यांचा मार वाया गेला नाही." मग वॉर्साला विद्यापीठात, पोलोनिस्तिका शिकायला. आपल्याकडे मराठी विभाग असतो ना, तसा त्यांचा पोलिश विभाग. वर्गात सगळी तिथलीच मुलं, आणि मध्ये ही एक कुंकू लावलेली. पहिल्या तासाला कोणीतरी विचारलं, तू रस्ता चुकलीस का? तर यांनी त्याला जुन्या पोलिशमधली एक प्रार्थना म्हणून दाखवली म्हणे. मला विचाराल तर ही गोष्ट थोडी वाढवलेली असणार, पण त्या सांगायच्या झकास.

तो काळ तिथला कम्युनिस्ट राजवटीचा, पार रडकुंडीचा. दुकानं उघडी, आत फडताळं रिकामी, व्हिनेगरच्या बाटल्या तेवढ्या ओळीने मांडलेल्या. मांसाला रेशनकार्ड. या शाकाहारी, त्यामुळे आपलं कार्ड वाटून टाकायच्या आणि अख्ख्या वसतिगृहात लाडक्या. वर्गात मात्र वेगळीच टंचाई. तिथे बोलायची चोरी. त्यांच्या एक प्राध्यापक बाई होत्या, उंच, हाडकुळ्या, सारख्या सिगारेटी ओढणाऱ्या. कवितेवर बोलता बोलता एखाद्या मुलाने नको तो प्रश्न विचारला, अमुक लेखकाचं पुस्तक आपल्या यादीत का नाही वगैरे, की बाई खिडकीशी जायच्या आणि म्हणायच्या, "आज हवा कुंद आहे." बस. म्हणजे काय ते सगळ्या वर्गाने समजून घ्यायचं. ग्रंथालयातसुद्धा काही कपाटांना कुलपं. पुस्तक आहे, पण तुमच्यासाठी नाही. शैलाताई म्हणायच्या, "आपल्याकडे पुस्तक कोणी वाचत नाही म्हणून धूळ खातं. तिथे माणसं वाचतील म्हणून कुलपात! मला तर आधी त्या पुस्तकांचा हेवाच वाटला."

आणि मग एकोणनव्वद साल उजाडलं. सरकार आणि कामगारांचे पुढारी एका टेबलाशी बसून बोलायला लागले, आणि ठरलं की निवडणूक घ्यायची. पुरती मोकळी नाही, अर्धीमुर्धीच. सरकारातल्या बड्या धेंडांची तर एक वेगळी यादीच होती, त्यांच्यासमोर कोणी उभंच नाही. आता अशा यादीत मतदाराने करायचं काय? तर तिथली पद्धत अशी, की जो नको असेल त्याचं नाव खोडायचं. निम्म्याहून जास्त लोकांनी नाव खोडलं की तो माणूस पडला, समोर कोणी उभं असो नसो. वर्षानुवर्षं लोक तो कागद तसाच कोरा घडी घालून पेटीत टाकायचे, कारण खोडायला आडोशाला गेलात की ते कोणाच्या तरी डोळ्यात येणार. त्या रविवारी शैलाताई प्राध्यापक बाईंबरोबर मतदानाच्या शाळेपर्यंत गेल्या होत्या. परदेशी, म्हणून बाहेर झाडाखाली उभ्या. "आणि बघते तर काय," त्या सांगायच्या, "माणसं पडद्याआडून बाहेर येतायत ती गालात हसत. बायका, म्हातारे, एक तर कुबड्यांवर. बाई बाहेर आल्या, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, शैला, मी खोडून आले. इतकंच. पण असं म्हणाल्या, की मला वाटलं यांना मुलगा झाला."

ती सगळी बडी नावं, एखाद-दुसरं सोडलं तर, खोडली गेली. पुढच्या तासाला बाई वर्गात आल्या, पुस्तक मिटूनच ठेवलं आणि म्हणाल्या, "आज कोणी काहीही विचारा." शैलाताई म्हणायच्या, आम्हाला विचारताच येईना. तोंडं शिवून घ्यायची सवय लागलेली! शेवटी एका मुलाने विचारलं, "बाई, आज हवा कशी आहे?" आणि सगळा वर्ग हसून हसून बाकांवर पडला. बाईसुद्धा. त्यानंतर ग्रंथालयाची कपाटं उघडली, अभ्यासक्रमच बदलला, अर्ध्या परीक्षेचं वाचन नव्याने करावं लागलं. सगळं गोडच होतं असंही नाही. भाव असे भडकले की शिष्यवृत्तीत धड जेवण होईना, वूचच्या गिरण्या धडाधड बंद पडल्या, मैत्रिणीचे वडील घरी बसले. लोक चिडायचे, भांडायचे, रस्त्यात उभं राहून सरकारला नावं ठेवायचे. "मोठमोठ्याने ठेवायचे गं," शैलाताई म्हणायच्या, "पूर्वी कुजबुजत ठेवायचे." त्यांच्या लेखी फरक तो होता.

एम. ए. होऊन परत आल्या, लग्न झालं, अविनाशभाऊंच्या नोकरीपायी शारजाला आल्या. इथे पोलिश कोणाला हवी? पण नशीब बघा, रास अल खोरच्या घाऊक बाजारात फळांचा एक मोठा व्यापारी पोलंडची सफरचंदं मागवायला लागला आणि त्याला तिकडच्या बागायतदारांशी बोलणारं माणूस हवं होतं. झालं! आमच्या एम. ए. बाई पेट्यांच्या गराड्यात, डोक्याला स्कार्फ बांधून, फोनवर पोलिशमध्ये भाव करायच्या. मी एकदा गेले होते बघायला. शेठजी मध्येच ओरडायचे, "यल्ला मॅडम, रेट पूछो!" आणि मॅडम तिकडच्या शेतकऱ्याशी आधी त्याच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलून घेत होत्या. माल कधी सडका आला नाही तो त्यामुळे, असं शेठजींनी स्वतः मला सांगितलं. तरी मला माहीत होतं, बाईंचं मन सफरचंदांत नव्हतं.

आता भाऊसाहेबांबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे कायमचेच. कधीपासून, ते जुन्या माणसांनाही सांगता यायचं नाही. माणूस सोन्यासारखा. कोणाची नोकरी गेली, कोणाला विमानतळावरून आणायचं आहे, गणपतीची मूर्ती कस्टममध्ये अडकली, सगळ्याला भाऊसाहेब. पण दर वर्षी सभा भरायची, ते उभे राहायचे, आपल्या कमिटीची सात नावं स्वतःच वाचायचे आणि म्हणायचे, "एकमताने? कोणाची हरकत? नाही ना? खलास! चला, जेवण गरम आहे." आणि आम्ही सगळे बटाटेवड्यांकडे. त्या सातांत एक खजिनदार होते, त्यांचं नाव मी लिहीत नाही. दर कार्यक्रमात आमच्या मुलांना स्टेजवरून हाकलणारे, बायकांशी हिडीसफिडीस बोलणारे. ते कोणालाच नको होते. पण 'हरकत' कोण म्हणणार? भाऊसाहेबांच्या तोंडावर? त्यांनीच तर आमच्या घराची किल्ली मिळवून दिलेली. इथे परक्या मुलखात माणसाला माणूस लागतं हो, कोण वाईट होणार!

शैलाताई दर वर्षी सभेहून आल्या की जेवायच्या नाहीत. "एकमताने!" असं चमचा आपटत म्हणायच्या. "वासंती, अख्खं पोलंड सुटलेलं पाहिलं मी, आणि इथे एक खजिनदार हलवता येत नाही मला?" एका वर्षी मात्र त्या सभेत उभ्या राहिल्या. मी शेजारीच होते. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्याविरुद्ध कोणी उभं राहणार नाही आणि राहूही नये. पण तुमची सात नावं आम्हाला कागदावर द्या. पडद्याआड जाऊन ज्याला जो नको तो त्याने खोडावा. निम्म्यांहून जास्त लोकांनी खोडला तो गेला. समोरासमोर कोणी कोणाला वाईट व्हायला नको." तेवढ्यात मागून नसरीनचा आवाज आला. नसरीन श्रीवर्धनची, नवऱ्याचं दुबईत मसाल्यांचं दुकान. ही कोकणातली मुसलमान कुटुंबं नाटकाला, दिवाळी पहाटेला सगळी यायची, खुर्च्या मांडायला पुढे, पण कमिटीत त्यांचं कोणी कधी नव्हतं. ती म्हणाली, "मग आमचं पण मत धराल ना, ताई?" शैलाताई म्हणाल्या, "तुझं आणि भाऊसाहेबांचं अगदी सारखंच." भाऊसाहेब मनापासून हसले. त्यांना वाटलं खेळच आहे काहीतरी. "खोडा की, हबीबी, खोडा!" म्हणाले.

कागद छापले गेले, साडीचा पडदा लावला, बिस्किटांच्या डब्याची मतपेटी झाली. सगळे ओळीने आत जाऊन आले. शैलाताई मोजणीला बसल्या, आणि मी बघत होते, त्यांचा चेहरा उतरत गेला. भाऊसाहेबांचं नाव निम्म्याहून जास्त कागदांवर खोडलेलं! गणपती बसवणाऱ्या आमच्या गरीब स्वभावाच्या सेक्रेटरीचंही. आणि ते खजिनदार? त्यांच्या नावाला कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही. स्वच्छ! पद्धतीप्रमाणे ते एकटे निवडून आलेले, बाकी सगळे पडले. निकाल वाचला तसे भाऊसाहेब खुर्चीत खाली बसले. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा ओठ आवळून... मला बघवेना. खजिनदार मात्र उठून कोट सारखा करायला लागले होते.

मी शैलाताईंच्या कानात म्हटलं, "राहू द्या ना, ते 'एकमताने' तर एकदाचं संपलं." मी आजही तेच म्हणेन, आम्ही साधी माणसं. पण त्या कागद पुन्हा पुन्हा बघत होत्या. एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही फुल्या मारल्यात!" त्या ओरडल्याच. "रेघ कोणीच ओढलेली नाही. सगळीकडे नावावर फुली! सोसायटीच्या निवडणुकीत मारतात तशी, जो हवा त्याच्या नावावर!" आणि मग हॉलमध्ये जो काही गलका झाला, विचारू नका. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत आयुष्य गेलेली माणसं, त्यांना कागद आणि पेन दिलं की हात आपोआप आवडत्या नावावर फुली मारतो. ऐकलं सगळ्यांनी, पण हाताने केलं ते सवयीने. लोकांनी प्रेमाने भाऊसाहेबांना पाडलं होतं! अविनाशभाऊंनी म्हणे स्वतःच्या बायकोचं भाषण ऐकूनसुद्धा फुलीच मारली होती.

खजिनदार म्हणाले, "निकाल तो निकाल. नियम तुमचाच होता." खरं होतं ते. आणि भाऊसाहेबांची ती कायमची अध्यक्षगिरी मोडण्याची संधी शैलाताईंच्या हातात होती, कोणी त्यांना दोष दिला नसता. त्या टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा निकाल मी मानणार नाही. तिथे मी माणसांना मनातलं कागदावर उतरवताना पाहिलंय. इथे कागदावर एक आणि मनात दुसरंच आलंय. हे जिंकून मी काय करू? पुन्हा मतदान." मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात स्वतःचंच नाव लिहिलं आणि सगळ्यांदेखत आडवी रेघ मारली. "ही बाई नको असेल तर असं. कळलं?" सगळे हसले. पुन्हा रांग लागली, पुन्हा साडीचा पडदा.

या खेपेला खजिनदार पडले, दणकून पडले. भाऊसाहेब राहिले. पण त्यांचंही नाव बऱ्याच जणांनी खोडलं होतं, अगदी निम्म्यांच्या जवळ जाईल इतक्यांनी. शैलाताईंनी ते लपवलं नाही, जसं होतं तसं वाचलं. मला वाटलं आता हे रागावून उठून जाणार. भाऊसाहेब उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी अध्यक्ष आहे... पण निवडून आज आलो." आणि काय टाळ्या पडल्या! बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, नसरीनने तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली. शैलाताई पदराने डोळे पुसत होत्या आणि मला म्हणत होत्या, "बघितलंस? बघितलंस?" त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

एकदा चटक लागली की मग लोकांना थांबवता येत नाही. पुढच्या वर्षांत माणसं आपणहून उभी राहायला लागली, भांडणं झाली, प्रचार झाला, एका सभेला तर वड्यांवरूनही मतदान घ्या म्हणाले. आणि एके वर्षी भाऊसाहेब हरले. एका तरुण इंजिनिअरकडून, थोडक्यात हरले, पण हरले. दुसऱ्या दिवशी शैलाताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. दार त्यांनीच उघडलं, दाढी न केलेली. शैलाताई म्हणाल्या, "भाऊसाहेब, एक सांगायला आले. वॉर्सात आमच्या प्राध्यापक बाईंच्या वरच्या मजल्यावर पक्षाचा एक मोठा अधिकारी राहायचा. त्याची गाडी आली की जिन्यात लोक बाजूला व्हायचे. निवडणुकीत तो पडला. बाईंना वाटलं, आता याचं काय होणार? तिकडे राजवटी बदलल्या की माणसं नाहीशी व्हायची. तर दुसऱ्या सकाळी तो पिशवी घेऊन खाली आला आणि दुधाच्या रांगेत उभा राहिला, सगळ्यांच्या मागे. कोणी त्याला हात लावला नाही, कोणी काही बोललं नाही. बाई म्हणाल्या, शैला, आम्ही जिंकलो ते मला काल नाही कळलं, आज कळलं. भाऊसाहेब, शुक्रवारी नाटक आहे. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायची की सगळ्यांत?" भाऊसाहेबांनी दाढीच्या खुंटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "सगळ्यांत ठेवा. पण पंख्याखाली." आणि आले हो ते! नव्या अध्यक्षाचा माइक चालेना तेव्हा उठून त्यांनीच दुरुस्त केला.

शैलाताई स्वतः कधीही उभ्या राहिल्या नाहीत. दर वर्षी पेटीपाशी बसायच्या, बस. गेल्या वर्षी फिरताना मला म्हणाल्या, "वासंती, मिळालं गं उत्तर. उपयोग झाला." मी म्हटलं, "कसला?" म्हणाल्या, "काही नाही, चल, पाय उचल." मला नीट कळलं होतं. त्यांनाही ते माहीत होतं.

त्या गेल्या त्यानंतरची पहिली सभा गेल्या आठवड्यात झाली. त्यांचा फोटो समोर, अविनाशभाऊ येऊ शकले नव्हते, सगळे रडवेले. अध्यक्षपदाला दोन नावं आली होती, नसरीनचं आणि माझं. तेवढ्यात कोणीतरी उठलं, गहिवरून म्हणालं, "शैलाताईंची ही सख्खी मैत्रीण. यंदा त्यांच्या आठवणीसाठी वासंतीताईंना आपण एकमताने निवडू या. नसरीन, तू नाव मागे घे ना." सगळ्यांनी माना डोलावल्या. नसरीनसुद्धा डोळे पुसत उठली, "हो, ताईंसाठी घेते मी मागे," म्हणाली. आणि मी... खरं सांगते, मला भरून आलं होतं. झालंच होतं सगळं. इतक्यात मधल्या रांगेतून भाऊसाहेब काठी टेकत उठले. आता थकलेत ते, आवाजही बारीक झालाय. म्हणाले, "कोणी काही मागे घ्यायचं नाही. मला मत द्यायचंय." कोणीतरी म्हणालं, अहो भाऊसाहेब, आज तरी... तर काठी आपटून म्हणाले, "आजच! ती बाई जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि तुम्ही तिचंच काम पुसायला निघालात? पेटी आणा!"

पेटी आली. मतदान झालं. मोजायला भाऊसाहेब बसले. नसरीन जिंकली.

खाली पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. म्हटलं, "भाऊसाहेब, मला तरी दिलंत ना मत?" त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं! म्हणाले, "वासंतीताई, ते विचारायचं नसतं." मी तिथेच गाडीला टेकून हसत सुटले, आणि हसता हसता रडले.

तशीच घरी आले आणि आधी समोर अविनाशभाऊंकडे गेले. ते शैलाताईंच्या खोलीत, त्यांच्या पोलिश पुस्तकांच्या कपाटासमोर, एकटेच बसले होते. दोन महिने त्या माणसाने धड मान वर केली नव्हती. मला बघून म्हणाले, "झाली सभा? केलं ना तुम्हाला अध्यक्ष?" मी म्हटलं, "मतदान झालं." त्यांनी मान वर केली. "मतदान? ती नसताना?" "हो. भाऊसाहेबांनी लावलं." ते खुर्चीतून उठलेच. "आणि मग? कोण आलं?" "नसरीन!" "आणि पडलं कोण?"

"मी!" मी म्हटलं, आणि जन्मात कुठलीही गोष्ट मी इतक्या तोऱ्यात सांगितली नसेल.